तारेत करंट नको, मतात जोर हवा



गेल्या हंगामाच्या तोंडावर नोंदीच्या उसाची पाहणी करीत आम्ही केदारखेड्याच्या शिवारात, पूर्णाकाठच्या एका फडात गेलो होतो. ऊस बाहेरून हिरवागार दिसत होता. आत शिरलो तर चार-पाच गुंठे आडवे, चघळून टाकलेला चोथा आणि रानडुकरांच्या खुरांचे ठसे. बांधावर उघडी तार ओढलेली आणि तिचे टोक मोटारीच्या पेटीकडे गेलेले. आम्ही विचारले, "दादा, हे काय?" ते म्हणाले, "रात्री करंट सोडतो, साहेब. कायदा डुकराला सांभाळतो, मग आम्हाला कोण सांभाळणार?"

प्रश्न खोटा नाही, पण त्याचे उत्तर त्या तारेत नाही. रात्री पाणी धरायला येणारा शेजारी, पहाटे फडात शिरणारी टोळी, टोळीबरोबरची लेकरे, तारेला सगळे सारखेच. ती तार आम्ही तिथेच काढायला लावली. प्रश्नाचे उत्तर मात्र त्या दिवशी नीट देता आले नाही. ते आज देतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्या वेळी वन्यप्राणी हा विषय राज्यांच्या यादीत होता. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तो केंद्र आणि राज्य या दोघांच्या सामाईक यादीत आला. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. आज बिबट्या आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत, रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत. हा फरक सभासदांनी ध्यानात ठेवावा. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका रोगी अगर जायबंदी असेल, तरच त्याला मारण्याची परवानगी मिळू शकते, आणि तीही मुख्य वन्यजीव रक्षकांकडूनच. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत मात्र उभ्या पिकाचे नुकसान हेही कारण धरले आहे, आणि मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. म्हणजे कायद्याला आपले पीक दिसतच नाही असे नाही. आपणच अर्ज घेऊन त्याच्या दारात जात नाही.

आता कोणते दार कुणाचे? प्राणी कोणत्या अनुसूचीत ठेवायचा, हे केंद्राच्या हाती, तेव्हा तो प्रश्न खासदाराला विचारायचा. नुकसानभरपाईचा दर, वनखात्याची माणसे आणि शेतीला दिवसा वीज हे राज्याच्या हाती, ते आमदाराला. गावातला उकिरडा आणि त्यावर पोसलेली मोकाट कुत्री, ज्यांच्या वासावर बिबट्या येतो, हे ग्रामपंचायतीचे काम. आपण मात्र सरपंचाला कायदा बदलायला सांगतो आणि खासदाराकडे गटाराची तक्रार नेतो!

मागणीही पारखून करावी. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात उसात बिबटे वाढले तेव्हा लोकांची मागणी एकच होती, पकडा आणि लांब सोडा. तसे केलेही. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हिशेब मांडला. ही मोहीम सुरू होण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ या काळात, ते सरासरी १७ झाले. रागाच्या भरात केलेली मागणी अशी अंगलट येते.

नव्या यंत्रांचेही तसेच आहे. मागे एकदा मोबाईलवर बिबट्याचा फोटो फिरला आणि आमच्या गटातल्या एका टोळीने दोन दिवस कोयता उचलला नाही. फोटो भलत्याच मुलखातला निघाला. हल्ली तर असली चित्रे यंत्रच तयार करते. पण हाच मोबाईल पुरावाही देतो. पिकाचे नुकसान दिसताच जागा आणि वेळ उमटेल असा फोटो काढा, आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवून पंचनामा मागा. पंचनाम्याआधी आडवा ऊस उचलू नका. शिवाय वन्यप्राण्यांनी केलेली नासाडी खरीप २०२६ पासून पीक विम्यात घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे. त्यातही ७२ तासांत फोटोसह कळवण्याची अट आहे. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे धरायचे, ते राज्याने ठरवायचे आहे. ऊस आपल्याकडे त्या विम्यात नाही, पण आपल्या सभासदांची मका आणि सोयाबीन आहे. तेव्हा जालना जिल्ह्याचे काय, हे आमदारांना आजच विचारायला हवे.

शेवटची गोष्ट आमच्या मनाला जास्त लागते. उसात सगळ्यांत आधी पाय टाकतो तो तोडणी कामगार. डुक्कर, साप, बिबट्या, उघडी तार, जे असेल ते आधी त्याच्या पुढ्यात. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले, ऐन हंगामाच्या तोंडावर. जालना-बीडकडची कितीतरी कुटुंबे तेव्हा पाल ठोकून परमुलखात होती. मत गावात, माणूस फडात! ज्याला कायद्याची झळ पहिली लागते, त्याचाच आवाज पेटीत पडत नाही.

यावर उपाय नाही असेही नाही. परगावी असलेल्या मतदाराला तिथूनच मत देता यावे म्हणून, एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेण्याची योजना निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडली. राजकीय पक्षांनी शंका घेतल्या आणि ते काम अडले. शंका जरूर तपासाव्यात. साधे मतदान यंत्रदेखील १९८२ साली केरळात परूर येथे पहिल्यांदा वापरले गेले आणि देशभरच्या लोकसभा निवडणुकीला पोचायला २००४ उजाडले. पण मागणाराच नसेल तर ही योजना कपाटातच राहील.

कारखान्याच्या निवडणुकीला आपण आजारी माणसालासुद्धा गाडीत घालून आणतो. मग टोळीच्या मतासाठी एवढे करू या. मतदान हंगामात आलेच तर मुकादमाशी बोलून टोळीला जाण्या-येण्याची सवड आणि गाडी द्यावी, त्या दिवसाची तोडणी मागे-पुढे करावी. आमच्या खात्याकडून तोडणीचा कार्यक्रम तसा बसवण्याची तयारी आहे. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी तसा ठराव आणावा, ही विनंती.

आणि बांधावर अजून तार असेल, तर ती आज दिवस मावळायच्या आत काढा. आम्ही पाहायला येणार आहोत.

आपला,
ऊस विकास अधिकारी