भिंतीला धरून थांबायला शिकताना

गुलमंडीत कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी, ठाण उचलणारी, हिशेब लिहिणारी आम्ही पाच-सहा माणसे. सगळी चाळिशी ओलांडलेली. पोहायला शिकलो तेच मुळी आमची पोरे शाळेत जायला लागल्यावर. आमच्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीवर पाण्यासाठीही उभे करत नव्हते, मग त्यात पोहायला कोण उतरू देणार? २० मार्च १९२७ चे महाड या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दोन वर्षे आम्ही संथ पोहलो. मग वाटले, आता ५० मीटर वेगाने पोहून बघू. पहिल्या आठवड्यातच हाल झाले. पूर्ण जोराने २५ मीटर जायचे, भिंतीला हात लावायचा आणि लगेच परत फिरायचे. तिसऱ्या फेरीला पाय दगडासारखे झाले. चौथ्या फेरीनंतर एकाला उलटी झाली, आणि दुसऱ्याला पुढचे दहा दिवस ठाण खांद्यावर घेता येईना. "वय झालं आपलं," असे म्हणून आम्ही सोडायच्या बेतात होतो.

दोष वयाचा नव्हता. आम्ही थांबत नव्हतो, हा दोष होता. पूर्ण जोर लावताना स्नायू फॉस्फोक्रिएटिन नावाचा आपला साठा वापरतात. तो साधारण दहा सेकंदांत बराचसा संपतो आणि नीट भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तेवढे न थांबता सुटलो, तर ते वेगाचे पोहणे राहतच नाही. हात वेडावाकडा पडतो आणि सगळा भार खांद्यावर येतो.

आता आधी पंधरा मिनिटे सावकाश पोहतो. मग २५ मीटरच्या चारच फेऱ्या जोरात, प्रत्येक फेरीनंतर तीन मिनिटे भिंतीला धरून थांबणे. आठवड्यातून दोनदाच, आणि मध्ये किमान दोन दिवस सोडून. हात बिघडला की त्या दिवशी तिथेच बंद.

खरे सांगायचे तर जोर लावणे आम्हाला जड गेले नाही, थांबणे जड गेले. पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनत करणाऱ्या घरात बसलेला माणूस कामचोर ठरतो. दुकानातही गिऱ्हाईक नसताना स्टुलावर टेकलो तर शेठची नजर फिरते. पण विश्रांती ही चोरी नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनीच दाखवले आहे. कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे १९४६ चे विधेयक मजूरमंत्री म्हणून त्यांनीच मांडले होते. आणि भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला दिलेला वीणेच्या तारांचा दाखला विहारात आपण कितीदा ऐकतो! चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले होते. आम्ही तो दाखला ऐकला, पण तलावात उतरताना काठावरच ठेवून आलो.

"या वयात वेग कशाला?" असे घरचेही विचारतात. आमचे मत उलटे आहे. वय वाढते तसे जलद आकसणारे स्नायुतंतू आधी बारीक होतात. जिन्यात पाय घसरला तर झटकन सावरायला तेच लागतात, आणि नुसत्या सावकाश चालण्याने त्यांना पुरेसे काम मिळत नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक घेतले. आपल्याला पदक नको, पण 'आता उशीर झाला' हे कारणही नको.

मात्र रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नंतर पस्तावण्यापेक्षा ते बरे. आणि पाण्याखाली श्वास रोखून धरण्याच्या पैजा कोणीही लावू नयेत. त्यात माणूस चाहूल न लागता बेशुद्ध होतो आणि बुडतो. चांगल्या पोहणाऱ्यालाही हे होते.

आमच्यातले निवृत्त झालेले एक काका आता पाण्यात न उतरता काठावर घड्याळ घेऊन बसतात. तीन मिनिटे व्हायच्या आत कोणी भिंत सोडली, की तिथूनच ओरडतात, "अरे, कुठं निघालास? शेठ नाही इथं!"