मित्राची मर्यादा

गोवा मुक्तीचा विषय निघाला म्हणजे अमेरिकेचा उल्लेख आपल्याकडे बहुधा कडवटपणेच होतो, आणि त्यास सबळ कारणही आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यास चार महिने लोटतात न लोटतात तोच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या संयुक्त पत्रकात या वसाहतींना 'प्रांत' असे संबोधून सालाझारच्या दाव्यास बळ दिले. तथापि १९६१ साली अमेरिकेने दिल्लीस पाठविलेले राजदूत जॉन केनेथ गालब्रेथ यांस त्याच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

१९०८ साली कॅनडातील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले गालब्रेथ मुळात अर्थशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील भावनियंत्रणाची धुरा त्यांनी वाहिली. पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापकी केली. आणि १९५८ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात खाजगी श्रीमंतीच्या शेजारीच नांदणारे सार्वजनिक दारिद्र्य स्वदेशीयांस दाखविले. राजदूत झाल्यावरही ही स्पष्टोक्ती त्यांनी सोडली नाही. १९६१ मध्ये सायगावला जाऊन आल्यावर व्हिएतनामच्या चिखलात सैन्य उतरवू नये, असे त्यांनी अध्यक्ष केनेडी यांस निक्षून कळविले. धन्यास रुचेल तेवढेच सांगणारा तो राजदूत नव्हता.

असा मनुष्य दिल्लीत असतानाही डिसेंबर १९६१ मध्ये काय घडले? पोर्तुगालच्या साम्राज्यशाहीविषयी गालब्रेथना प्रेम नव्हते. परंतु भारताने लष्करी कारवाई पुढे ढकलावी, असा आग्रह पंडित नेहरूंकडे त्यांनाच धरावा लागला. पोर्तुगाल हा 'नाटो'चा सभासद. शिवाय अझोर्स बेटांवरील हवाई तळाच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपत होती. त्या तळापुढे राजदूताच्या सदिच्छेचे मोल ते किती? १८ डिसेंबरला सुरक्षा समितीत ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतास धारेवर धरले. युद्धबंदी व सैन्यमाघारीच्या ठरावास ११ पैकी ७ मते पडली. तो अडला तो केवळ सोव्हिएत नकाराधिकारामुळे. दुसऱ्याच दिवशी ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली.

पुढे वर्षभरातच चिनी आक्रमण झाले, तेव्हा हेच गालब्रेथ भारताच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले. अमेरिकेने मॅकमोहन रेषेस जाहीर मान्यता दिली, शस्त्रसाहाय्यही धाडले. यावेळी त्यांची सदिच्छा आणि त्यांच्या राष्ट्राचा स्वार्थ यांची दिशा एक होती, म्हणून ती फळास आली. गोव्याच्या वेळी दिशा वेगळ्या होत्या, म्हणून ती वांझ ठरली. मनुष्य मात्र दोन्ही वेळी एकच होता!

२००१ साली भारताने गालब्रेथ यांस 'पद्मविभूषण' देऊन गौरविले. २००६ साली ते निवर्तले. हा गौरव सर्वस्वी उचित होता, असेच आम्ही म्हणू. मात्र कृतज्ञता निराळी आणि विसंबणे निराळे. परकीय दूतावासात सज्जन बसला आहे, म्हणून त्याच्या राजधानीतही सौजन्य नांदत असेल, असे मानणाऱ्या राष्ट्राच्या पदरी निराशाच येते. गोव्याचे स्वातंत्र्य कोणा राजदूताच्या शिष्टाईने आले नाही. ते सत्याग्रहींनी सोसलेल्या गोळ्यांनी, कारावासांनी आणि अखेरीस भारतीय जवानांच्या पावलांनी आले. मित्राचा मान राखावा. परंतु आपल्या स्वातंत्र्याची किल्ली त्याच्या हाती ठेवू नये.