नळी घातली, पुढे काय?

मोटारसायकलवरून पडून कमरेवर आघात झाला की कित्येकदा मूत्रपिंड फाटते. पूर्वी अशा रुग्णाचे पोट उघडीत आणि पुष्कळदा मूत्रपिंडच काढून टाकीत. आता रक्तदाब स्थिर असेल तर बहुतेकांवर शस्त्रक्रिया करावी लागत नाही. झिरपलेले मूत्र भोवती साचून राहिले तर मूत्रवाहिनीत स्टेंट नावाची बारीक नळी बसवितात, किंवा पाठीतून नळी घालून त्याचा निचरा करतात. या उपायाने अनेकांची मूत्रपिंडे वाचली आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे.

अडचण पुढे सुरू होते. पाठीतील नळी निसटते, तुंबते. तिच्या वाटेने जंतू आत शिरतात आणि जंतुदोष रक्तात पसरला तर जिवावर बेतते. स्टेंटचे प्रकरण अधिक फसवे. तो बाहेरून दिसत नाही. नेमल्या मुदतीत न काढल्यास त्यावर क्षारांचे थर चढतात आणि जी नळी दुर्बिणीतून काही मिनिटांत निघाली असती, तिच्यासाठी एकाहून अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतात.

आमच्या महाविद्यालयातील एका शिपायाचे असेच झाले. घरी सोडताना दिलेल्या कागदावर तारीख होती. पण इंग्रजीत, घाईच्या अक्षरांत. दुखणे थांबले, तो कामावर रुजू झाला. 14 महिन्यांनी ताप आला तेव्हा नळीचा दगड झाला होता. तीनदा भूल द्यावी लागली. मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेले पैसे त्यात गेले. आम्ही प्राध्यापक मंडळी रोज त्याच्या हातचा चहा घेत होतो. त्याचा कागद पाहण्याचे मलाही सुचले नाही.

रुग्णाला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. परंतु दुखत नसलेल्या रोगासाठी तालुक्याहून जिल्ह्याला जाणे म्हणजे दोघांची मजुरी बुडणे, वर एस.टी.चे भाडे. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. रुग्णालयाच्या हिशेबात तो कोठेच येत नाही. तेथील खाते नळी घालण्यापाशीच बंद होते.

पुस्तक परत आले नाही तर आमचे ग्रंथपाल ठरल्या दिवशी स्मरणपत्र धाडतात. शरीरात ठेवलेल्या नळीची तेवढी तरी नोंद व्हावी. प्रत्येक रुग्णालयात अशा नळ्यांची नोंदवही, रुग्णाच्या हाती मराठीत तारीख लिहिलेले कार्ड आणि मुदत उलटताच दूरध्वनी करणारा एक नेमलेला कर्मचारी, इतके आरोग्य खात्याने सक्तीचे करावे. त्यास एका कारकुनाच्या अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागेल असे वाटत नाही.