पत्ता वाचकाचा, कपाट आपले

तुमच्यापैकी काहीजण आता शाळेच्या विज्ञान मंडळाचे संकेतस्थळ स्वतः तयार करू लागले आहेत. अशा वेळी पहिला उद्योग कोणता? भराभर फोल्डर करायचे आणि त्यांचीच नावे पानांचे पत्ते म्हणून वापरायची. माझे म्हणणे उलट आहे. आधी पत्ते ठरवा, फोल्डर मागाहून.

असे का, ते ग्रंथालयाच्या उदाहरणावरून पाहू. पूर्वी अनेक ग्रंथालयांत पुस्तकावरचा क्रमांक म्हणजे कपाटाचा व फळीचा क्रमांक असे. पुस्तके हलवली, की क्रमांक बदलणे आले. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात क्रमांक विषयावरून ठरतो. पुस्तक दुसऱ्या खोलीत न्या, क्रमांक तोच राहतो.

वेबवरही सुरुवातीला पत्ता म्हणजे बहुधा सर्व्हरवरील फाइलची जागा असे. फोल्डरचे नाव बदलले, की जुन्या पत्त्यावर ‘४०४, पान सापडत नाही’ हा संदेश! २००५ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या जँगोसारख्या फ्रेमवर्कमध्ये पत्त्यांची यादी निराळ्या फाइलीत असते. मागणी आली, की यादी वरून खाली तपासली जाते आणि पहिल्या जुळणाऱ्या ओळीशी शोध थांबतो. म्हणून ‘प्रयोग/नवीन’ ही ओळ ‘प्रयोग/कोणतेही नाव’ या ओळीच्या वर हवी. नाहीतर ‘नवीन’ हे एखाद्या प्रयोगाचेच नाव समजले जाईल!

कोणी म्हणेल, २०१६ साली आलेल्या नेक्स्ट-जेएसमध्ये फोल्डरांवरूनच पत्ते बनतात, त्याचे काय? ती पद्धत नवख्याला सोपी आहे, हे मान्य. निराळी यादी लिहावी लागत नाही. परंतु पुढे त्यातही एक सोय करावी लागली. फोल्डरचे नाव कंसात लिहिले, की ते पत्त्यातून गळते. म्हणजे आपली सोय आणि वाचकाची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथेही मान्य झाले.

पत्ता एकदा बाहेर पडला, की तो आपला राहत नाही. कोणी तो वहीत टिपतो, कोणी पुस्तकात छापतो. विज्ञानात तर आधार तपासता येणे महत्त्वाचे. पत्ताच मेला तर तपासणार काय? वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते न बदलण्याचा आग्रह धरला होता.

तेव्हा कागद घ्या आणि पत्ते लिहून काढा. त्यांत यंदाच्या तुकडीचे नाव नको, वापरलेल्या संगणकभाषेचेही नको. विषयाचे नाव पुरे. फोल्डर मात्र हवे तितक्या वेळा खुशाल लावा. पत्ता बदलणे अटळच झाले, तर ‘३०१, कायमचे स्थलांतर’ या संकेताने वाचकाला नव्या जागी पोहोचवा. घर बदलणारा माणूससुद्धा जुन्या दारावर चिठ्ठी लावून जातो!