जिद्दी कोण, हट्टी कोण?

इंग्रजीच्या बऱ्याच गाइडांत समानार्थी शब्दांची एक यादी असते. स्टबर्न, ऑब्स्टिनेट, पर्सिस्टंट, टेनेशियस, डॉगिड, रेझोल्यूट. समोर अर्थ एकच: जिद्दी. मुलं ती घोकून टाकतात. इंग्रजी हा माझा विषय नाही, मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण इंग्रजीच्या बाई रजेवर असल्या की तास माझ्याकडे येतो, आणि ही यादी पाहून मला राहवत नाही.

दहावीतल्या एका मुलीने आईवर निबंध लिहिला होता. शिवणकाम करून तीन मुलांना शिकवणारी बाई. मुलीने कौतुकाने लिहिलं, 'माय मदर इज अ व्हेरी स्टबर्न वुमन.' तिला म्हणायचं होतं, माझी आई मोठी जिद्दीची आहे. वाचणाऱ्याला कळलं, माझी आई कुणाचं ऐकत नाही. व्याकरणाची चूक शून्य, आणि आईची मात्र बदनामी!

खरं तर 'जिद्दी' या शब्दातच गोंधळ आहे. मूळ अरबीत 'ज़िद' म्हणजे विरुद्ध, उलट. उर्दूच्या तासाला आम्ही विरुद्धार्थी शब्दांना 'मुतज़ाद' म्हणतो, तोही याच धातूतून आला. त्यामुळे उर्दूत 'ज़िद्दी बच्चा' ही तक्रार असते. कौतुक करायचं तर 'मुस्तक़िल मिज़ाज' किंवा 'साबितक़दम' म्हणतात. हाच शब्द मराठीत आला आणि त्याचं नशीब पालटलं. 'जिद्दीने शिकली' म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो. दोष दाखवायला मराठीकडे हट्टी, हेकेखोर, आडमुठा असा भरपूर साठा होताच. आमच्या मुलांच्या घरात उर्दू आणि बाहेर मराठी. त्यांनी 'जिद्दी'चा कोणता अर्थ घेऊन इंग्रजीच्या दारात जायचं?

इंग्रजीतही गंमत कमी नाही. पर्सिस्टंट आणि ऑब्स्टिनेट या दोन्ही शब्दांच्या पोटात लॅटिनमधलं 'उभं राहणं' आहे. आपल्या 'स्थिर'मधला 'स्था' त्याच कुळातला. एकात शेवटपर्यंत उभं राहणं, दुसऱ्यात समोर आडवं उभं राहणं. तरी पहिल्याला शाबासकी मिळते आणि दुसऱ्याला कानउघाडणी. तीही नेहमी नाही: महिनाभर न हटणारा खोकला 'पर्सिस्टंट' असतो, त्याला कोण शाबासकी देईल? साबणाच्या जाहिरातीतला डाग 'स्टबर्न' असतो. टेनेशियसमध्ये धरून ठेवणं आहे, आपल्या 'चिकाटी'त चिकटणं आहे तसं. डॉगिड हा शब्द तर कुत्र्यावरून आला, आणि आज बहुधा कौतुकाचा आहे! मराठीत कुत्र्याला हा मान मिळणं कठीण, इथे ते काम घोरपडीकडे. डुकरावरून आलेला पिगहेडेड आणि खेचरावरून आलेला म्यूलिश मात्र निव्वळ शिव्या. (पिगहेडेड हा शब्द फळ्यावर लिहिला की आमचा वर्ग पाच मिनिटं हाती लागत नाही.)

मग फरक कशात आहे? वागण्यात फारसा नाहीच. दोघंही नकार ऐकून मागे फिरत नाहीत. फरक आहे बोलणाऱ्याच्या बाजूत. १९४८ साली बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' या रेडिओ कार्यक्रमात बर्ट्रांड रसेल यांनी हे क्रियापद चालवावं तसं चालवून दाखवलं होतं: मी ठाम, तू हट्टी, आणि तो डुकराच्या डोक्याचा मूर्ख. पुरुष बदलला की विशेषण बदललं.

पण व्याकरणातल्या 'पुरुषा'वरच हे थांबत नाही. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एलिझाबेथ वॉरन या जेफ सेशन्स यांच्या नेमणुकीला विरोध करताना कोरेटा स्कॉट किंग यांचं १९८६ सालचं पत्र वाचत होत्या. त्यांना गप्प बसवण्यात आलं. बहुमतवाल्या पक्षाचे नेते मिच मॅककॉनेल यांनी कारण सांगितलं: ताकीद दिली, समजावून सांगितलं, तरीही त्या 'पर्सिस्टेड', म्हणजे थांबल्या नाहीत. त्यांच्या तोंडी ती तक्रार होती. काही दिवसांतच बायकांनी तेच शब्द टी-शर्टवर छापून घेतले. आणि काही पुरुष सिनेटरांनी तेच पत्र सभागृहात वाचलं, तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या शाळांमधल्या वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलाबद्दल वर्षातून दोनदा काहीतरी लिहावं लागतं. तयार नोंदींच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. त्यातलं एखादं वाक्य उचललं की काम झालं. माझं निरीक्षण असं की परत परत प्रश्न विचारणाऱ्या मुलासाठी 'जिज्ञासू, जिद्दी' उचललं जातं आणि तेच करणाऱ्या मुलीसाठी 'हट्टी, उलट बोलते'. पुढे ते पालकसभेत वाचलं जातं. आमच्या वस्तीत आठवीनंतर मुलीला शाळेत ठेवायचं की नाही, यावर घरात आधीच खल चाललेला असतो. तिथे बाईंनी लिहिलेला 'हट्टी' हा शब्द साधा राहत नाही. 'बघा, शाळासुद्धा तेच म्हणते,' असं म्हणायला एका काकांना तेवढं पुरतं. वर बुरखा, हिजाब, 'यांच्यात मुलींना शिकवत नाहीत' असल्या गप्पा मारायला बाहेरचे मोकळे असतातच. तिला 'हट्टी' कुणी लिहिलं, हे मात्र ते विचारत नाहीत.

माझ्या मते नोंदवहीत विशेषण लिहूच नये. काय घडलं ते लिहावं. 'अपूर्णांकांची बेरीज जमेपर्यंत मधल्या सुट्टीतही बसून राहिली.' 'वाचनालयाचं पुस्तक मिळावं म्हणून चार वेळा विचारायला आली.' आता ती पर्सिस्टंट की ऑब्स्टिनेट, हे वाचणाऱ्याने ठरवावं. रकाना लहान आहे अशी तक्रार सहकारी करतात. मी मोजून पाहिलं, बारीक अक्षरात दोन ओळी आरामात मावतात.