टॉर्चच्या उजेडात

“काका, डिस्प्ले गेला. अकरा हजार पडतील. त्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या.” दुकानातल्या मुलाने झाकण उघडून एकदा पाहिले आणि निकाल दिला. सारी नोकरी कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली, त्यामुळे तपासणीआधी शेरा मारणारा माणूस मला पटत नाही. शिवाय आत कादंबरीची सतरा प्रकरणे होती. (दुसरी प्रत ठेवली नव्हती. हसा खुशाल!)

घरी अंधार करून नातीने पडद्यावर तिरका टॉर्च धरला. पुसट अक्षरे दिसली असती तर फक्त मागचा दिवा गेला, असे समजायचे. काहीच दिसले नाही. मग एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सतरावे प्रकरण दिवाणखान्यात अवतरले. म्हणजे मदरबोर्ड शाबूत. उरले संशयित दोन: पडदा, नाहीतर बिजागरीतून त्याच्याकडे जाणारी केबल. झाकण सावकाश मागेपुढे केले, तर एका कोनात पडदा क्षणभर उजळला. केबलच!

दुसऱ्या कारागिराने ती साडेआठशेत बदलली. पडदा गेला असता तरी त्याच्या पाठीवरचा क्रमांक आणि पिना, तीस की चाळीस, जुळवून तो सुटा मिळतो.

पहिला दुकानदार लबाडच होता, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरला नुसत्या तपासणीचे पैसे आपण मुकाट देतो. कारागिराने मागितले की कुरकुरतो. मग त्याने तपासण्यात वेळ का घालवावा? मी या कारागिराला तपासणीचे शंभर रुपये वेगळे देऊ केले, तर तो ओशाळला. घेतले मात्र.