अनोळखी, पण बेवारस नव्हे

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे संपादकांनी विचारले नाही. आमच्या घरात मात्र विचारले गेले. भाजणी दळून आणायची सोडून हे काय मढ्यांचे पुराण मांडून बसलात, असा तो सवाल होता. माझे म्हणणे एवढेच की, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे ज्योत करून आपण जो दिवा ठेवतो तो यमासाठीच ना? घरातल्या कोणाला अपमृत्यू येऊ नये म्हणूनच ना? मग अपमृत्यू ज्याला आला आणि ज्याचे नावसुद्धा कोणाला ठाऊक नाही, त्याच्याविषयी चार शब्द याच दिवसांत लिहिले तर काय बिघडले? असो. भाजणी आली आहे.

मी शहापूरला मराठी शिकवतो. वर्गात ललित गद्य, वैचारिक गद्य, चरित्र, प्रवासवर्णन असे सगळे प्रकार होतात. एक प्रकार अभ्यासक्रमात कधीच नसतो, आणि तो म्हणजे पंचनामा. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात किंवा स्थानकावरच्या फलकावर त्याचा एक तुकडा आपण सर्वांनी वाचलेला असतो: 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे 40 ते 45 वर्षे, रंग सावळा, बांधा मध्यम, नेसणीस निळ्या रंगाची पँट...' हे 'नेसणीस' आता फक्त पोलीस ठाण्यातच उरले आहे. त्या भाषेला हसणे सोपे आहे. मीही पूर्वी हसत असे. पण या तालुक्यात राहिल्यावर कळले की, एका माणसाबद्दल जगात उरलेले शेवटचे गद्य पुष्कळदा तेवढेच असते.

या तालुक्यात म्हणतो त्याला कारण आहे. नकाशा पाहा. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक रस्ता आणि रेल्वे दोन्ही कसारा घाटाने वर चढतात. कसारा हे लोकलचे शेवटचे स्थानक. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून कल्याणचा रस्ता माळशेज घाटाने जुन्नरच्या बाजूला जातो. एका बाजूला मुंबई, ठाणे, कल्याण. दुसऱ्या बाजूला दाट रान, तानसा-भातसाची धरणे आणि खोल दऱ्या. शहराला आपली जी वस्तू कोणाच्या दृष्टीस पडू नये असे वाटते, ती टाकायला त्याला दोन तासांत घाट गाठता येतो. मग गुराख्याला किंवा मोहाची फुले वेचणाऱ्या ठाकर बाईला ती दिसते. सरकारी हद्दींची गुंतागुंत निराळीच. रुळालगत सापडले तर लोहमार्ग पोलीस, दरीत सापडले तर ठाणे ग्रामीण, कसारा चढून पलीकडे गेले तर नाशिक, माळशेज ओलांडला तर पुणे. आणि त्या माणसाला शोधणारे घर असते घाटकोपरला किंवा डोंबिवलीला. त्यांची तक्रार तिथल्या ठाण्यात, तिथल्या वहीत.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील मुरबाडकडच्या एका गावात पोलीस पाटील आहेत. पाटीलकी वंशपरंपरेची राहिलेली नाही. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याखाली नेमणूक होते आणि गावच्या हद्दीत प्रेत आढळले तर ठाण्याला कळवणे हे त्यांचे कामच असते. एकदा मी त्यांना विचारले, "पाटील, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा काय पाहता?" मला वाटले होते, जखमा म्हणतील.

"पाय बघतो, सर," ते म्हणाले. "टाच भेगाळलेली, अंगठा बाहेर गेलेला, म्हणजे आपल्यातला, रानातला. टाच मऊ म्हणजे शहरचा. मग कपडे. सदऱ्याच्या कॉलरला शिंप्याची पट्टी असते, ती कोणी बघतच नाही. बाई असली तर हात. गोंदण कुठं आहे ते."

गोंदणाचे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. गोंदणाची शाई कातडीच्या आतल्या थरात उतरलेली असते. पावसाने, कुजण्याने वरची कातडी सुटून गेली, चेहरा ओळखण्याजोगा राहिला नाही, तरी गोंदण दिसू शकते. कधी कधी तर अधिकच स्पष्ट दिसते. आपल्या आज्या-पणज्यांनी हातावर कोरून घेतलेली ती तुळस म्हणजे एक प्रकारचे ओळखपत्रच होते.

पण आमच्याकडच्या आषाढ-श्रावणात दरीत पडलेला देह काही आठवड्यांतच हाडांवर येतो. कोल्हीकुत्री तीही इकडेतिकडे नेतात. मग काम हाडांच्या जाणकाराचे. कटिराचे हाड पाहून बाई की पुरुष ते सांगता येते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज बांधतात. गळ्याखालच्या हासळीचे आतले टोक साऱ्या सांगाड्यात शेवटी, तिशीच्या आसपास, पुरते सांधते. ते सुटे असेल तर माणूस तरुण. एवढे झाले की 'पंचवीस वर्षांची, पाच फूट उंचीची स्त्री' हाती येते. पण ती कोण? ते एकट्या हाडाला सांगता येत नाही.

इथे आपली मराठी मोठी नेमकी आहे. ओळख 'सापडते' असे आपण म्हणत नाही. ओळख 'पटते' म्हणतो. पटायला दोन बाजू लागतात. डी.एन.ए. तपासणी हा शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे, आणि दातातून किंवा मांडीच्या हाडातून तो काढता येतो हेही खरे. पण तो ताडून पाहायला कोणाच्या तरी आईचे किंवा बापाचे रक्त समोर यावे लागते. ते आले नाही तर प्रयोगशाळेचा उत्तम अहवालसुद्धा अर्धी फाटलेली पावती आहे. एका ठाण्यात 'आकस्मिक मृत्यू'चा कागद आणि दुसऱ्या ठाण्यात 'हरवल्याचा' कागद. हे दोन एकमेकांना भेटले तर माणसाला नाव मिळते. नाहीतर शेरा पडतो: बेवारस.

या शब्दाशी माझे भांडण आहे. अनोळखी म्हणजे ज्याला आपण ओळखत नाही तो. यात उणीव आपली आहे. बेवारस म्हणजे ज्याला वारसच नाही तो. उणीव त्या मेलेल्या माणसाच्या माथी मारून आपण मोकळे. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांची हकीकत आठवली की हा शब्द मला फार टोचतो.

जुन्या वाचकांच्या घरी हा खटला चवीने चर्चिला गेला असेल. लक्ष्मीबाई या पुण्याच्या सधन विधवा. घर, पैसा, शेअर सगळे होते, मुलेही होती. डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांचे डॉक्टर आणि विश्वासातले गृहस्थ. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री, मुंबईच्या डॉक्टरांना प्रकृती दाखवायची म्हणून, ते बाईंना घेऊन पुण्याहून पॅसेंजर गाडीने निघाले. पहाटे गाडी बोरीबंदरला आली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले. तिथे नाव सांगितले गेले 'इंदुमती पाऊणशे'. भाऊ म्हणून कलकत्त्याच्या एका माणसाचे नाव देण्यात आले. त्याच दिवशी दुपार होण्याच्या आत बाई गेल्या.

पुढचे वाचताना अंगावर काटा येतो. देह घ्यायला कोणी आले नाही. येणार कसे? इंदुमती पाऊणशे नावाच्या बाईला भाऊबंद नव्हतेच, कारण ती बाईच नव्हती. देह बरेच दिवस पडून राहिला आणि शेवटी ग्रँट मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी पाठवला गेला. दावा न सांगितलेले देह असे देण्याची सोय 1949 च्या शरीरशास्त्र कायद्याने होती. त्यात गैर काही नाही, डॉक्टर त्यामुळेच शिकतात. तिथे संशय आल्यावरून शवविच्छेदन झाले. विष सापडले नाही. इकडे पुण्यात नातेवाइकांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येत होती: मी यात्रेला आले आहे, मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केले आहे, जयपूरजवळ राठोडीला राहते, आता परत येणार नाही. आणि तोवर बाईंची मालमत्ता लागूंच्या हाती जात होती.

मला या प्रकरणात विषापेक्षा ती पत्रे अधिक भयंकर वाटतात. 1956 सालच्या पुण्यात प्रौढ विधवेने परगावी जाऊन लग्न केले, ही बातमी आल्यावर घरचे काय करतील? पोलिसांत जातील की दार लावून घेतील? लिहिणाऱ्याला मध्यमवर्गाची नाडी बरोबर ठाऊक होती, असे माझे मत आहे. हरवलेल्या माणसाचा शोध बंद पाडायचा असेल तर त्याच्या नावाभोवती थोडी अब्रूची भीती ठेवावी, बस. तरी काही आप्तेष्टांना ते पटले नाही. त्यांनी पाठपुरावा केला, 1958 साली डॉक्टरांना अटक झाली, आणि रुग्णालयाच्या नोंदी, शवविच्छेदनाचे कागद, ती पत्रे हे सगळे एकत्र आल्यावर पाऊणशे आणि कर्वे या दोन बायका एकच झाल्या. विष न सापडताही परिस्थितिजन्य पुराव्यावर झालेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 1959 रोजी कायम केली. वारसा लुबाडण्यासाठी जिचा जीव घेतला, तिच्या देहाची गत सरकारदरबारी बेवारशाची झाली होती.

दुसरी हकीकत दूरची, पण तिचा नायक, म्हणजे खलनायक, मुंबईत जन्मलेला. बक रक्स्टन हे त्याने विलायतेत घेतलेले नाव. मूळचा पारशी, आडनाव हकीम, मुंबई विद्यापीठाचा डॉक्टर. 1935 च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्या मॉफटजवळ, पुलाखालच्या घळीत मानवी अवशेषांची गाठोडी सापडली. आमच्या घाटाचीच गोष्ट म्हणा ना! ओळख पटू नये म्हणून डोळे, कान, बोटांची टोके काढून टाकलेली. हे काम करणाऱ्याला शरीरशास्त्र येत होते, पण वर्तमानपत्रशास्त्र येत नव्हते. काही तुकडे त्याने 'संडे ग्राफिक'च्या ज्या अंकात गुंडाळले तो 15 सप्टेंबरचा, आणि केवळ लँकेस्टर-मोरकॅम्ब भागापुरता छापलेला खास अंक होता. पोलीस लँकेस्टरला पोचले. तिथे डॉक्टर रक्स्टनची बायको आणि मोलकरीण दोघी बेपत्ता होत्या. प्राध्यापक ग्लेस्टर आणि ब्रॅश यांनी कवटीच्या छायाचित्रावर जिवंतपणीचे छायाचित्र बसवून पाहिले, आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. पण मला त्याहून मोठी वाटते ती मोलकरणीची सावत्र आई. गाठोड्यातल्या एका ब्लाउजला काखेत ठिगळ होते. ते ठिगळ मी लावले आहे, असे तिने सांगितले. प्राध्यापकांच्या कवटीइतकेच त्या सुईदोऱ्याचे वजन होते.

आपल्याकडे अलीकडे हे कागद न भेटण्याचे उदाहरण घडले ते पेण तालुक्यातल्या गागोद्याला. (विनोबांचा जन्म गागोद्याचा, त्या नावाने असे पुन्हा गाजावे हा दैवयोग.) 23 मे 2012 रोजी तिथल्या रानात जळालेले अवशेष मिळाले. नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयाकडे गेले, बाकीचे तिथेच पुरले गेले आणि कागद थांबला. तीन वर्षांनी, 2015 साली, दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेल्या एका वाहनचालकाच्या बोलण्यावरून ती जागा पुन्हा खणली गेली. तपास यंत्रणेने डी.एन.ए.चा दाखला दिला, बचाव पक्षाने त्यावर प्रश्न उभे केले. तो न्यायालयाचा विषय, आपला नव्हे. आपल्यापुरते एवढे की, अनोळखी देह पुष्कळदा जाळत नाहीत, पुरतात, यामागे काही अर्थ आहे. कोणी तरी विचारत येईल, ही आशा त्यात असते.

आता ठाणी संगणकाने जोडली आहेत. पण संगणकात जे घातले तेच निघणार. 'साडी' एवढेच घातले तर राज्यभरच्या साड्या निघतील. आणि मुलगा रागावून गेलाय, येईल. मुलीचे बाहेर कळले तर तिचे जमायचे कसे. असे म्हणत आपण तक्रारच उशिरा दिली, तर दुसरा कागद जन्मालाच येत नाही.

गेल्या सत्रात मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला वर्णनपर लेखनाचा तास असा घेतला: घरातल्या एका माणसाचे वर्णन पंचनाम्याच्या भाषेत लिहा, विशेषणे नकोत, खुणा हव्यात. 'वात्सल्यमूर्ती' लिहाल तर शून्य गुण. मुरबाडकडची एक मुलगी आजीवर लिहीत होती. डाव्या मनगटावर गोंदलेली तुळस, तिची एक फांदी पुसट, उजव्या पायाची करंगळी विळ्याने अर्धी तुटलेली, वरचे पुढचे दोन दात नाहीत. पाऊण पान झाले तरी तिची लेखणी थांबेना. कल्याणहून येणारा एक हुशार मुलगा, एरवी पानेच्या पाने भरणारा, 'आई' असे शीर्षक घालून बसला होता. उंची लिहून खोडली होती, पुन्हा लिहून खोडली होती. ओळखीची खूण यापुढे जागा कोरी.

तास संपल्यावर तो जवळ आला. म्हणाला, "सर, आज घरी जाऊन नीट बघतो, आणि उद्या लिहून आणतो. चालेल?"

मी म्हणालो, चालेल.